नात्तो की सुरस्ट्रॉमिंग: आधी काय चाखावं?

विचित्र पदार्थ खाऊन पाहायचेच, पण सुरुवात कशाने करू, असं एका मैत्रिणीने विचारलं. तिच्या मनात दोन नावं होती: जपानचा नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि स्वीडनचं सुरस्ट्रॉमिंग.

वासात तुलनाच नाही. सुरस्ट्रॉमिंग म्हणजे कमी मिठात आंबवलेला बाल्टिक हेरिंग मासा. डब्यात भरल्यावरही तो आंबत राहतो, वायूने डबा फुगतो. उघडताच कुजक्या अंड्यांसारखा भपकारा येतो, म्हणून तो बहुधा घराबाहेरच उघडतात. नात्तोचा वास उग्र, पण घरात चालून जातो.

नात्तोची खरी अडचण पोताची. वाफवलेल्या सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस जिवाणू वाढले की दाण्यांना चिकट तार सुटते. चव सौम्य, किंचित कडसर. पण ती तार अनेकांना गिळवत नाही. मासा मऊ आणि खारट-आंबट.

खटाटोप नात्तोचा कमी: ढवळा, गरम भातावर घ्या. मासा साफ करून पातळ पाव, बटाटा, कांद्याबरोबर खातात.

शाकाहारी असाल तर नात्तोच. मात्र सोबतच्या सॉसच्या पुडीत बहुधा माशाचा अर्क असतो, ती बाजूला ठेवा. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनी नात्तो टाळावा, त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं. बुळबुळीत काहीच सोसत नसेल, मासे आवडत असतील आणि मोकळी जागा असेल, तर डबा उघडा.