‘स्किल’ला मराठीत काय म्हणावं: कौशल्य की कसब?

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘स्किल’पाशी अडला असाल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. शिवणकामाच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका अनुवादताना मी याच शब्दाशी आठवडाभर झगडत होतो.

नुसतं मूळ पाहिलं तर कौशल्याचं पारडं जड आहे. ‘स्किल’ हा मुळात इंग्रजांचा शब्द नव्हे. नवव्या-दहाव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला. त्यांच्याकडे ‘स्किल’ म्हणजे भेद, फरक. ‘स्किल्या’ म्हणजे वेगळं करणं आणि त्यावरून समजणं. आइसलँडमध्ये आजही ‘मला समजलं’ हे याच क्रियापदाने सांगतात, आणि नवरा-बायको वेगळे झाले तरी तेच वापरतात. इंग्रजीतही आधी अर्थ होता सारासार बुद्धी. हाताची सफाई मागून आली. आपल्याकडे ‘कुशल’ची पारंपरिक फोड ‘कुशान् लाति’ अशी आहे: हात न कापता दर्भ खुडून आणतो तो कुशल. दर्भ नेमका ओळखायचा, पातं कुठे धरायचं ते जाणायचं, यात तोच विवेक आला.

कसब अरबीतून आलं. ‘कस्ब’ म्हणजे कमाई, सरळ पोटापाण्याचा शब्द. त्याची एक सावली ‘कसबीण’मध्ये उरली आहे आणि त्यामुळे काहींना तो नकोसा वाटतो, हे मी समजू शकतो.

तरी कौशल्याने मला छळलं ते वेगळ्याच कारणाने. हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून ‘प्राप्त करणे’, ‘संपादन करणे’, ‘आत्मसात करणे’ अशी वरात येते आणि साधं वाक्य परिपत्रकासारखं ताठ होतं. माझा मसुदा शिवणवर्गाच्या बाई मुलींना वाचून दाखवत होत्या. ‘काजे करण्याचे कौशल्य संपादन केल्यानंतर’ इथे त्या थबकल्या. समोरच्या मुलीच्या हातातलं कापड घेतलं, दोन बोटांत ओढून उभा धागा कुठला, आडवा कुठला ते दाखवलं आणि म्हणाल्या, “कसब इथं आहे. एकदा हात बसला की काजं आपोआप सरळ येतात.” फरक ओळखणारी ती बोटं पाहिली आणि ‘स्किल’चा जुना अर्थ मला तिथे दिसला, तोही ‘कसब’ या शब्दासोबत.

अर्थात कामगारांच्या वर्गवारीत ‘कुशल, अर्धकुशल, अकुशल’ ही साखळी पक्की आहे. कसबाचा गोतावळा इतका रुळलेला नाही. तेव्हा अर्ज, नियम, वेतनाचे तक्ते असतील तर कौशल्य-कुशल घ्या, फार विचार करू नका.

पण मजकूर कुणाला वाचून दाखवायचा असेल, काम करणाऱ्या माणसाच्या हातात जायचा असेल, तर मी तरी कसबाकडे झुकेन. त्या पुस्तिकेत शेवटी सात ठिकाणी कौशल्य काढून कसब घातलं. काजांच्या पानावर मात्र बाईंचे शब्द जसेच्या तसे ठेवले: एकदा हात बसला की.