काळ्या मातीत नऊ महिने: थारला बसवलेला इलेक्ट्रिक लॉकर आणि त्याची वायरिंग

आमचं शेत गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. डांबरी सुटल्यावर शेतापर्यंत पावणेतीन किलोमीटरची पाणंद आहे, आणि ती सगळी काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिथून कुणीही मोटरसायकल पळवतं. मृगाचा एक चांगला पाऊस पडला की तीच माती टायरला अशी लपेटते की खाचा बुजून जातात आणि टायरचा नुसता गोल लोळा होतो. त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या. माझी महिंद्रा थार २०१३ची. फोर बाय फोर आहे, लो (कमी वेग, जास्त ओढ देणारा गिअर) आहे, तरी दर पावसाळ्यात दोन-चार वेळा ट्रॅक्टर बोलवायची पाळी यायची. कारण दर वेळी एकच. मागचं एक चाक चाकोरीत अधांतरी गरगर फिरतंय आणि दुसरं कोरड्या कडेवर जागचं हलत नाही.

यात इंजिनच्या ताकदीचा दोष नव्हता. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ॲक्सलमधल्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये, दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) सारखाच जातो. जे चाक हवेत आहे त्याला फिरायला जेवढा लागतो तेवढाच जमिनीवरच्यालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. लॉकर दोन्ही चाकांकडे जाणारे अर्धे शाफ्ट एकमेकांना बांधून टाकतो, आणि मग जमीन धरलेलं चाक ओढायला लागतं.

पर्याय बघितले होते. आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर चांगला असतो, पण तो लागायला आधी दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडावा लागतो. काळ्या मातीत शंभर फेऱ्या म्हणजे चाक तोवर वीतभर खाली गेलेलं असतं. एअर लॉकरला कॉम्प्रेसर आला, नळ्या आल्या. मला चाक फिरायच्या आधी, माझ्या बोटाने लागणारा लॉकर हवा होता. म्हणून मे २०२५मध्ये मागच्या ॲक्सलला इलेक्ट्रिक लॉकर बसवून घेतला. क्राऊन-पिनियनचं (ॲक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीचं) सेटिंग करणाऱ्या मिस्त्रीचं काम चोख होतं. आजपर्यंत घरघर नाही, तेल गळत नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. या नऊ महिन्यांत जे शिकलो ते सगळं वायरिंगमधलं आहे.

ॲक्सलच्या आत एक तांब्याची कॉइल असते. तिला बारा व्होल्ट दिले की चुंबक तयार होतो, तो आतली प्लेट धरतो, आणि चाक थोडं फिरलं की पिना सरकून डिफरन्शियल बांधला जातो. करंट बंद केला की स्प्रिंगने सुटतो. कॉइलला एक प्लस, एक अर्थ. एवढं सोपं दिसतं म्हणूनच माझी पहिली वायरिंग घाईत झाली. डॅशवर एक स्विच, तिथून बारीक, अर्ध्या एमएमची वायर थेट मागे, आणि अर्थ म्हणून ॲक्सलच्याच एका बोल्टला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळलेलं. रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसात मन भरून आलं. जिथे दरवर्षी हमखास फसायचो त्या वळणावर आधीच स्विच दाबला, लो मध्ये पहिला टाकला आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून निघून गेली. वडील शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून चाकोरीकडे बघत राहिले.

जुलैत त्रास सुरू झाला. सकाळी लॉकर लागायचा, दुपारी लागायचा नाही. स्विचवरचा लाल दिवा मात्र जळत असायचा. दिवा जळतोय म्हणजे करंट जातोय अशी माझी समजूत, म्हणून लॉकरमध्येच खोट आहे असं वाटायला लागलं आणि पोटात गोळा आला. परभणीला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी टेस्टर लावला, तो पेटला, आणि म्हणाले, "दादा, ताराला करंट हाय, पण जीव नाही. मीटर आण."

इंजिन चालू ठेवून, स्विच दाबून, काकांनी एकेक जागा मोजली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. कॉइलच्या दोन तोंडांवर फक्त १०.४. साडेतीन व्होल्ट वाटेत गेले होते. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ॲक्सलच्या नळीला लावली. जिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे तिथे २.१ आला. उरलेले १.४ बारीक वायर, स्विच आणि दोन पिळलेल्या जोडांनी खाल्ले होते.

अर्थमध्ये दोन व्होल्ट का जातात हे मला तेव्हा कळलं. थारचा मागचा ॲक्सल पाट्यांवर बसतो आणि पाट्यांच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. म्हणजे ॲक्सल दिसायला लोखंडाचा असला तरी चेसिसपासून तो रबराने तोडलेला आहे. करंट बिचारा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून, हँडब्रेकच्या केबलमधून, जिथून वाट मिळेल तिथून परत येत होता. चिखल-गंज वाढला तशी वाट अरुंद झाली.

आणि दुपारीच का? तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. माझी कॉइल थंड असताना ३.६ ओहम दाखवते. दोन तास लो मध्ये चालवून लगेच मोजली तेव्हा ४.३ आली. नीट वायरिंग असेल तर थंड कॉइलमधून पावणेचार अँपिअरच्या आसपास जातात, तापल्यावर तीनच्या वर तरी राहतात. माझ्याकडे तापल्यावर जेमतेम अडीच पोचत होते. चुंबकाचा जोर करंटवर असतो, व्होल्टवर नाही. सकाळी काठावर पास होणारा लॉकर दुपारी नापास होत होता, एवढीच भानगड. लॉकर निर्दोष होता.

मग सगळं उचकटून नव्याने केलं. बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएमची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत दहा अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लॉकरसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो मागे लावला तर पुढची सगळी वायर उघडीच राहते, आणि ती कुठे घासली तर गाडी पेटते. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून निघून कॉइलला. रिलेच्या ८६ला डॅशच्या स्विचमधून चावीचा प्लस, ८५ला अर्थ. आता स्विचमधून फक्त रिलेचा किरकोळ करंट जातो, खरा करंट जाड वायरीतून. कॉइलचा अर्थ ॲक्सलवर न सोडता दुसरी अडीच एमएमची वायर चेसिसला आणली. तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल आवळलं, वरून ग्रीस. चेसिस ते बॅटरी अर्थपट्टीही बदलली, ती आतून हिरवी झाली होती. परत मोजलं तर वाटेत जाणारे व्होल्ट साडेतीनवरून ०.३वर आले. सगळं सामान दीड हजाराच्या आत बसलं.

काकांनी एक छोटी गोष्ट केली जी मी स्वतः कधीच केली नसती. कॉइल बंद होते तेव्हा तिच्यातला चुंबक कोसळतो आणि उलटा व्होल्टेजचा झटका मारतो. तो झटका रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पाडतो, पॉइंट हळूहळू जळतात. त्यासाठी कॉइलच्या दोन वायरींमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) लावला, पांढरी पट्टी प्लसकडे. पट्टी उलटी लागली तर स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो. दोन-तीन रुपयांचा तुकडा आहे. परवा रिले खोलून पाहिला, पॉइंट नव्यासारखे आहेत.

आता कंट्रोलचं सांगतो, कारण इथे माझ्या हातून धोक्याची चूक झाली होती. नवी वायरिंग केल्यावर ऑगस्टमध्ये भाचा पुढे बसला होता. त्याचा हात स्विचला लागला आणि मला कळलं नाही. गंगाखेडला पेट्रोल पंपावर वळताना मागून टायर खरवडल्याचा आवाज, मग ॲक्सलमधून ठण्ण. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. लॉकर लागलेला असेल तर ते जमत नाही, आणि डांबरावर टायर घसरून मोकळा होत नाही म्हणून सगळा ताण अर्ध्या शाफ्टवर येतो. मी हळू होतो म्हणून वाचलो. हेच साठच्या वेगाने ओल्या रस्त्यावर झालं असतं तर गाडी हातात राहिली नसती.

त्याच आठवड्यात लो च्या लिव्हरखाली दाबाचा एक साधा ब्रेकलाइटचा स्विच पट्टी ठोकून बसवला. रिलेच्या ८५चा अर्थ आता त्या स्विचमधून जातो. चावी चालू, लिव्हर लो मध्ये, आणि डॅशचा स्विच दाबलेला, तिन्ही असेल तरच लॉकर लागतो. लो काढला की आपोआप सुटतो. डॅशच्या स्विचवर उचलून दाबायचं झाकण लावलं. ज्यांना हा लॉकर बसवायचा आहे त्यांना हात जोडून सांगतो, हा इंटरलॉक पहिल्या दिवशीच करून घ्या. गाडीत लेकरं बसतात.

दिव्याचीही जागा बदलली. आधी तो स्विचवर होता, म्हणजे फक्त माझं बोट काय करतंय ते सांगायचा. आता तो ८७वर आहे, म्हणजे कॉइलकडे करंट निघाला हे तरी कळतं. पिना खरंच अडकल्या का, ते चाक पाव-अर्धा फेरा फिरल्यावर गाडीच्या ओढीवरूनच समजतं. पुढून रिव्हर्सला गेलं की माझा लॉकर क्षणभर सुटतो आणि टक् करून परत धरतो. पहिल्यांदा दचकलो होतो, आता तो आवाज ऐकला की बरं वाटतं.

सप्टेंबर २०२५ची अतिवृष्टी मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आमचं सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात गेलं. त्या आठ-दहा दिवसांत पाणंदीवर ट्रॅक्टरसुद्धा जपून जात होते. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही हे घरात ठरलेलं होतं आणि ते पाळलं. पण पाणी ओसरल्यावर जो रेंदा उरला त्यातून जनावरांचा कडबा, दुधाच्या कॅन, एकदा शेजारच्या आजींना दवाखान्यात, असं रोज येणं-जाणं झालं. लॉकर एकदाही चुकला नाही. लॉक असताना स्टिअरिंग जड होतं आणि गाडी नाक सरळ धरते, वळायला मागत नाही, म्हणून वळणाआधी सोडायचा. सुटत नसेल तर स्टिअरिंग सरळ करून हातभर पुढे-मागे घ्यायचं, ताण उतरला की सुटतो. फसल्यावर, चाक पूर्ण वेगात फिरत असताना स्विच दाबायचा नाही. पाय काढायचा, चाक थांबू द्यायचं, मग लावायचा. फिरत्या चाकावर लावला तर पिनांवर घाव बसतो.

ऑक्टोबरात गाडी धुताना चेसिसवरचा कपलर (वायरींचा जोड) उघडला आणि आत मधासारखं तेल निथळलं. वासावरून लगेच ओळखलं, गंधकाचा तो उग्र वास गेअर ऑइलशिवाय कशाला नसतो. ॲक्सल ते कपलर सव्वा हात अंतर, वायर वरून पूर्ण कोरडी. तेल इन्सुलेशनच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून, दिव्याच्या वातीसारखं चढत आलं होतं. त्यात ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं तोंड, चिखलाने बुजला होता. आतली हवा तापून फुगली की तिला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तिने तेलाला वायरीतून ढकललं. ब्रीदर साफ करून त्याला नळी जोडली आणि ती वर टाकीच्या तोंडापर्यंत नेली. वायरीसाठी काकांनी ॲक्सलच्या बाहेर लगेचच दोन बोटं इन्सुलेशन सोललं, सगळ्या तारांमध्ये डाख पूर्ण भिनवला आणि वरून गोंदवाली श्रिंक स्लीव्ह चढवली. डाखाने फटी बुजल्या, वात तुटली. नोव्हेंबर ते जानेवारी तीनदा कपलर उघडला, कोरडा आहे.

ॲक्सलकडे जाणाऱ्या वायरीला ढील ठेवायला विसरू नका. माल भरला, खड्ड्यात चाक गेलं, की ॲक्सल वीतभर वरखाली होतो. मी जॅक लावून चाक पूर्ण लोंबकळत सोडलं आणि त्या स्थितीत वायर मोजून, फ्लेक्झिबल पाइपात घालून ब्रेकच्या नळीसोबत बांधली. सायलेन्सरपासून लांब.

येळवशीला (वेळ अमावास्येला) सगळं घर गाडीत घालून शेतात गेलो, आंबिलाचं मडकं मांडीवर. कॅनॉलचं पाणी सुटल्याने गव्हाच्या कडेची वाट ओली होती. वडिलांनी स्वतः झाकण उचलून स्विच दाबला आणि मला म्हणाले, "आता सोड क्लच."

परवा लिहायला बसण्याआधी पुन्हा मोजलं. कॉइल ३.६ ओहम, वाटेतला तोटा ०.४ व्होल्ट. ०.१ कुठे वाढला ते शोधलं, चेसिसवरच्या अर्थच्या थिंबलला पांढरी बुरशी आली होती. घासून परत आवळलं.