मे महिन्यात बसने कोकण: टूरची गाडी, लालपरी की ट्रॅव्हलर?

एप्रिल सरत आला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "आम्ही सहा-आठ जण आहोत, गाडी चालवायची कटकट नको. नुसते समुद्र नकोत, आतलं, डोंगरातलं कोकण बघायचंय. टूरने येऊ की एसटीने?" मी रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखला राहते. टूर, एसटी आणि भाड्याची ट्रॅव्हलर (म्हणजे छोटी मिनीबस), तिन्ही करून झालंय. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

आधी टूरची मोठी बस. सामान एकदा डिकीत गेलं की हॉटेलच्या दारातच बाहेर येतं, जेवणाची वेळ चुकत नाही, खोली शोधत हिंडावं लागत नाही. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर मी बिनदिक्कत हीच सुचवते. पण चाळीस-पंचेचाळीस सीटची गाडी वाडीत शिरत नाही. आमच्याकडचे आतले रस्ते असे, की समोरून रिक्षा आली तरी दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, वरून आंब्याच्या फांद्या टपाला घासतात ते वेगळंच. त्यामुळे गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी असा हमरस्त्याचा फेरा होतो आणि 'डोंगरातलं कोकण' घाट उतरताना काचेतून दिसेल तेवढंच. काचही उघडत नाही. एसीच्या बंद गाडीत वळणं सुरू झाली की निम्म्या गाडीला मळमळतं, हा अनुभव आहे. आवळासुपारी आणि लिंबू जवळ ठेवा.

दुसरं, छापील कार्यक्रम नीट वाचा. आईला घेऊन अशाच एका टूरला गेले होते. कार्यक्रमात 'आंबोली धबधबा' होता. आंबोलीला वर्षाला सातेक मीटर पाऊस पडतो खरा, पण तो जूनपासून. मे महिन्यात तिथे काळा कातळ असतो. "दहा मिनिटं, फोटो काढून घ्या," असं सांगून उतरवलं. पुढे कोकम सरबत आणि आंबापोळीच्या दुकानात मात्र दीड तास. तो दीड तास कार्यक्रमात नव्हता. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार ते विचारा. आणि सहल मे अखेरची असेल तर हेही विचारा: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि समुद्रातले खेळ पावसाळ्यासाठी साधारण २६ मेपासून बंद होतात. त्या दिवसाऐवजी काय दाखवणार?

आता एसटी. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो, साध्या गाडीचा वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा. ऐकायला झकास. पण घेण्याआधी घरातली माणसं मोजा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीपासूनच पूर्ण माफ. मला स्वतःला पास कधीच परवडला नाही. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्या पुरुषांना तो फायद्याचा पडतो, आणि पास आहे म्हणून सीट मिळेलच असंही नाही.

एसटीची खरी मजा घाटात. साखरप्याहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी धरायची आणि घाटमाथ्यावरच्या आंबा गावाला उतरायचं. खाली साखरप्यात पाठ सीटला चिकटलेली असते. मग ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिन घोंघावायला लागतं, दोन-चार वळणांनंतर खिडकीतून येणारी गरम वाफ जाऊन वारा यायला लागतो. कुठे वळणावर पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बाई उभी असते. गाडी थांबणार नाही हे तिला ठाऊक असतं, तरी ती द्रोण उचलून दाखवते. वर चहा, भजी, तासभर फिरणं, की परतीची गाडी. एवढ्या पैशांत घाट दाखवणारं दुसरं वाहन नाही.

दुसरी खास गोष्ट वस्तीची गाडी. संध्याकाळी डेपोतून सुटते, वाड्यावाड्यांतून शेवटच्या गावात पोचते, रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. गावात ओळखीचं घर असेल तर एकदा जाच. नसेल तर नको, कारण रात्री परतीचं काही मिळत नाही. मे महिन्यात शाळेच्या फेऱ्या बंद असतात आणि चाकरमान्यांच्या जादा गाड्यांसाठी इतरही फेऱ्या रद्द होतात. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळांवर जाऊ नका, खिडकीशी जाऊन कंट्रोलरला विचारा.

ट्रॅव्हलर महाग, पण मुलं बरोबर असली आणि कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायची असली तर तिला पर्याय नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून ही चित्रं सगळ्यांनाच बघायची असतात. एसटी तुम्हाला फाट्यावर सोडणार आणि सड्यावर दुपारी अकराला चालणं म्हणजे तव्यावर चालणं. कशेळीचा कोरलेला हत्ती सकाळी आठच्या आत गाठा. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, रेघा स्वच्छ दिसतात, तिरक्या उन्हात तर फारच.

भाडं ठरवताना एक गोम लक्षात ठेवा. गाडीवाले दिवसाला अमुक किलोमीटरचं किमान भाडं लावतात, बहुधा अडीचशे-तीनशे. आमच्या रस्त्यांवर एवढं अंतर दिवसात कापलं तर बघणार काय? न धावलेल्या किलोमीटरचे पैसे जातात. म्हणून बाहेरून गाडी आणू नका. रेल्वेने रत्नागिरी किंवा संगमेश्वर गाठा आणि इथलीच गाडी दिवसाच्या ठोक भाड्याने ठरवा. दापोलीकडून गुहागरला जायचं असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत ट्रॅव्हलरही चढते, मोठा वळसा वाचतो.

पुण्याच्या आत्याला यंदा असंच ठरवून दिलंय: रेल्वेने संगमेश्वर, दोन दिवस ट्रॅव्हलर, एक दिवस एसटीने आंबा घाट. मार्लेश्वरचं देऊळ गाळलं, कारण पाचशेच्या वर पायऱ्या आणि धारेश्वरचा धबधबा या दिवसांत बारीक. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "फणस कापा मिळेल की बरका?"