कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात पाणी घालावं का? लातुरातला काही महिन्यांचा अनुभव

आधी सरळ उत्तर देतो. मराठवाड्यात राहत असाल आणि कुत्र्याला पाकिटातले कोरडे दाणे देत असाल, तर उन्हाळा लागल्यापासून पावसाचा जम बसेपर्यंत त्यात पाणी घालाच. थंडीत नाही घातलं तरी बिघडत नाही. म्हातारा, दात पडलेला किंवा मुतखड्याचा त्रास होऊन गेलेला कुत्रा असेल तर मात्र बाराही महिने घाला.

आमचा हरण्या कारवानी आहे, वजन 22 किलो. कारवानी आणि पश्मी ही आपल्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली कुत्री. काटक असतात, ऊन सोसतात, म्हणून त्यांच्या पाण्याकडं फारसं कुणी बघत नाही. पण हिशोब करून बघा. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं, म्हणजे हरण्याला 1100 ते 1300 मिली. उन्हात आणि पळापळीत याहून जास्त. कोरड्या दाण्यांत ओलावा जेमतेम 10 टक्के असतो, पाकिटावर तसं छापलेलंही असतं. 300 ग्रॅम दाणे खाल्ले तर पोटात पाणी गेलं फक्त 30 मिली. डबाबंद ओल्या खाण्यात हेच प्रमाण 75 ते 80 टक्के असतं, पण ते रोज देणं सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. दाण्यांत 300 मिली पाणी घातलं की दिवसाच्या गरजेतला जवळजवळ चौथा हिस्सा जेवणातच भागतो.

आपल्याकडं पारा 42 च्या पुढं गेला की याचं मोल कळतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना काय येईल तेवढाच. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी उडून जातं. एप्रिलमध्ये हरण्याची लघवी गडद पिवळी आणि उग्र वासाची व्हायची. भिजवलेलं खाणं सुरू केल्यावर काही दिवसांतच ती फिकी झाली. शी पूर्वी खडखडीत व्हायची, तीही बरी झाली. दुपारी तो पाण्याच्या भांड्याकडं स्वतःहून फारसा जात नाही, सावलीला पडून राहतो. त्यामुळं सकाळच्या जेवणातूनच पाणी पोटात गेलेलं बरं, हे माझं पक्कं मत झालंय.

माझी पद्धत अशी. दाणे कोरडेच वजन करून घ्यायचे, कारण भिजल्यावर फुगतात आणि अंदाज चुकतो. दाणे जेवढ्या वाट्या, तेवढ्याच वाट्या कोमट पाणी. उकळतं पाणी घालत नाही. दाण्यांवर वरून फवारलेली जीवनसत्त्वं जास्त उष्णतेनं कमी होतात, शिवाय तोंड भाजायची भीती. पाणी पडलं की वर तेलाचा पिवळसर तवंग येतो आणि वास सुटतो, तेवढ्यानंच हरण्या दारात येऊन उभा राहतो. दहा मिनिटांत दाणा वरून मऊ होतो, बोटानं दाबला तर आत कडक गाभा लागतो. मी तेव्हाच देतो. पार लगदा झालेलं त्याला आवडत नाही, दाताला आणि टाळूला चिकटतं. तो आधी वरचं पाणी लपालपा पितो, मग दाणे खातो. कोरडे दाणे न चावता गिळायची सवय यानं कमी झाली. पिल्लांचं वेगळं: तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला लगदाच करून द्यावा लागतो, मग हळूहळू पाणी कमी करत न्यायचं.

सगळ्यात जास्त जपायचं ते इथं. कोरडे दाणे भांड्यात तासन्‌तास राहिले तरी चालून जातं, भिजलेले नाही. आपल्या उन्हाळ्यात त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, माशा आणि मुंग्या तर लगेच हजर. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर मी उचलून टाकून देतो. सकाळचं उरलेलं संध्याकाळी देणं तर अजिबात नाही. भांडं स्टीलचं ठेवा आणि दर जेवणानंतर साबणानं घासा, काठाला बोट लावलं तर बुळबुळीत थर लागता कामा नये.

पाण्याऐवजी दुसरं काही घालावं का, हे घरोघरी विचारलं जातं. आईचं म्हणणं, ‘आरं, आपण भाकरी दुधात कुस्करून द्यायचो की, तसं दूध घाल.’ बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मटणाचा रस्सा तर नकोच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी विष तेच, आणि आपल्या रश्श्यात मीठ-तिखट असतं ते वेगळंच. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, हाडं काढून टाकलेलं चिकन उकडलेलं पाणी कधीमधी चालतं. बोअरच्या जड पाण्यानं खडे होतात, अशी भीती शेजारी घालतात. कुत्र्यांत एका प्रकारचे खडे बहुतेकदा लघवीच्या जंतुसंसर्गातून होतात. पाणी जड आहे की हलकं यापेक्षा ते पुरेसं पोटात जातंय का हे बघा. जे पाणी घरातली माणसं पितात तेच मी त्याला घालतो.

कोरडं खाल्ल्यानं दात साफ राहतात, ही समजूत सोडा. साधा दाणा दाताच्या टोकावरच फुटतो, हिरडीजवळ घासला जात नाही. त्यासाठी ब्रश लागतो आणि कुत्र्यांचीच पेस्ट, माणसांची नाही.

पोट फुगण्याबद्दलही बोलायला हवं, कारण कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडायचा धोका जास्त असतो. दिवसातून एकदाच भरपूर खाणं आणि गपागपा खाणं यानं तो वाढतो. पाणी घातलं म्हणजे धोका टळला, असं समजू नका. हरण्याला जेवण दोनदा विभागून देतो आणि जेवल्यावर तासभर पळवत नाही. पोट ढोलासारखं ताठ झालं, ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळतेय, तर घरगुती उपाय करत बसू नका. हे काही तासांत जिवावर बेततं, शस्त्रक्रिया लागते. जवळ सोय नसेल तर उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आधी फोन करून निघा.

जेवणात पाणी घातलं तरी प्यायच्या पाण्याचं भांडं चोवीस तास भरलेलं हवं. उलट, भिजवलेलं खाऊनही कुत्रा अचानक खूप पाणी प्यायला लागला, सारखा लघवीला जाऊ लागला, तर ते उन्हामुळं असेल म्हणून सोडून देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, आणि ऑपरेशन न केलेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, यांची सुरुवात अशीच दिसते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा; मादी असेल आणि मलूल दिसत असेल तर त्याच दिवशी.