स्क्रीनवरच्या नंबरला फोन केला आणि साडेसेहेचाळीस हजार गेले

एप्रिलचा दुसरा आठवडा. देवगडात त्या दिवसांत कुणाला पाठ टेकायला वेळ नसतो. पडवीत पेंढ्याची रास, माजघरात पिकत घातलेला आंबा, आणि पत्त्यांची लेबलं काढायला बसले तर प्रिंटर चालेना. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधताना सगळ्यात वर दिसलेल्या लिंकवर क्लिक केलं. ती जाहिरात होती, हे नंतर कळलं.

एकदम सगळी स्क्रीन व्यापून लाल पाटी आली. भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, बंद केलात तर सगळी माहिती जाईल, असं एक बाई ओरडून सांगत होती. खाली फोन नंबर. आमच्या गिऱ्हाइकांची अकरा वर्षांची यादी त्याच कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी फोन लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीने बोलत होता. त्याने एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, त्यावरचा कोड विचारला, आणि माझा माऊस तिकडून हलवू लागला. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली: हे सगळे व्हायरस. काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' टाइप केलं आणि 'फॉरेन अ‍ॅड्रेस' हे शब्द दाखवले: परदेशातले लोक आत शिरलेत. माझी खात्री इथेच पटली, म्हणून हे सविस्तर लिहिते. तुमच्या धडधाकट कॉम्प्युटरवरही इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघा, तसल्याच खुणा दिसतील. बारीकसारीक चुकांची ती नोंदवही असते. आणि फॉरेन अ‍ॅड्रेस म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता. कुठलीही वेबसाइट उघडली की तिथे नोंद येणारच.

तीन वर्षांच्या संरक्षणाचे म्हणून ८,५०० रुपये मी नेट बँकिंगने भरले. लगेच स्क्रीन काळी झाली. 'स्कॅन चालू आहे, हात लावू नका.' मोबाइलवर ओटीपी आला, तो स्कॅनचा कोड आहे म्हणाला. मी वाचून दाखवला. त्याच मेसेजमध्ये ३८,००० रुपयांचा आकडा स्पष्ट लिहिलेला होता. मी फक्त सहा अंक वाचले. ते आठवलं की अजूनही झोप उडते.

संध्याकाळी भाचा कणकवलीहून आला. "आत्ये, व्हायरस नव्हतोच गे," म्हणाला. ती पाटी म्हणजे पूर्ण स्क्रीनवर पसरवलेलं साधं वेबपेज. एस्केपचं बटण दाबून धरायचं. नाही जमलं तर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. तेही नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरायचं. परत ब्राउझर उघडल्यावर जुनी पानं उघडू का विचारलं तर नको म्हणायचं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. अपडेट तेवढे वेळेवर होऊ द्यायचे. मी ते कितीतरी दिवस पुढे ढकलत होते.

त्याने आधी इंटरनेट तोडलं, मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावून दिला. तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, सगळे पासवर्ड त्याच्या मोबाइलवरून बदलले. त्या माणसाने आत काय ठेवलं असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून यादी पेनड्राइव्हवर काढून, तपासून, विंडोज नव्याने टाकलं. ३८,००० पैकी काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली आहे, असं कळलं. हातात अजून काही आलेलं नाही. तक्रार आणखी लवकर गेली असती तर कदाचित जास्त अडली असती. मी दुपारभर घरात कुणाला सांगायला लाजत बसले होते.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. तुमचा रिफंड मंजूर झालाय, कॉम्प्युटर चालू करा. आवाज तितकाच अदबीचा. मी फोन ठेवला आणि तो नंबर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर, संशयित फसवे फोन कळवण्याच्या 'चक्षु' या सोयीत, नोंदवून टाकला.