मेटफॉर्मिनच्या जोडीला कोण?

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध यकृतातून सुटणारी साखर आवरतं. ते एकटं पुरेनासं झालं की बऱ्याचदा जोडीला ग्लिमेपिराइड येतं. स्वस्त आणि झटपट. पण ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. म्हणून चतुर्थीच्या उपासाला साखर फार उतरून घाम, थरथर. वर वजनही वाढतं.

जोडीला येणाऱ्या दुसऱ्या औषधाची, डॅपाग्लिफ्लोझिनची, वाट निराळी. मूत्रपिंडं चांगली असतील तर रोज साधारण 70 ग्रॅम साखर लघवीवाटे जाते, म्हणजे 280 कॅलरी. वजन 2-3 किलो उतरतं, रक्तदाबही थोडा, हृदयालाही आधार. खोट म्हणजे जननेंद्रियाचा बुरशी-संसर्ग आणि क्वचित रक्तात घातक आम्लं साचवणारा कीटोअ‍ॅसिडोसिस, तेव्हा कडक उपास इथेही नकोच. 2020 मध्ये भारतातलं पेटंट संपलं, किंमत उतरली. मला तरी आता ग्लिमेपिराइडच्या स्वस्ताईचा मुद्दा लंगडा वाटतो.