बोस्नियन शिकताना: आधी वाक्यं की आधी विभक्ती?

इंग्रजीच्या आधाराने बोस्नियन शिकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. रोजची वाक्यं घोकायची, नाहीतर व्याकरणाचं पुस्तक घेऊन पहिल्या धड्यापासून बसायचं.

वाक्यांची वाट पटकन फळ देते. सारायेवोच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारात 'येद्नु काफु, मोलिम' म्हटलं की कॉफी समोर येते. लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्या अधिकृत असल्या तरी सुरुवातीला लॅटिनवर भागतं, आणि बहुतेक लिहिलंय तसंच वाचायचं. 'च' मात्र दोन आहेत, एक जाड, एक मऊ. त्यांच्या फार मागे लागू नये. कित्येक बोस्नियन लोकच तो फरक करत नाहीत!

पण ही वाट लवकरच अडते. 'काफा'ची 'काफु' का झाली? 'सारायेवोला जातो' म्हणताना 'उ सारायेवो', आणि 'सारायेवोत आहे' म्हणताना 'उ सारायेवु' का? हे नुसत्या पाठांतराने उमगत नाही. नामाला सात विभक्ती, तीन लिंगं, वर विशेषणंही बदलणार. इंग्रजीवाल्याला इथे घाम फुटतो. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्यांना तेवढा धक्का बसत नाही.

व्याकरणाची वाट पक्की, पण कोरडी. सगळे तक्ते पाठ असलेला माणूस दुकानात पाव मागताना प्रत्यय शोधत उभा राहतो.

माझं मत विचाराल तर महिनाभर वाक्यं, मग फक्त द्वितीया आणि सप्तमी. बाकीच्या थांबतील. क्रोएशियन किंवा सर्बियन पुस्तकही चालतं, व्याकरण जवळपास तेच. क्रोएशियन पुस्तकात पावाला 'क्रुह' दिसेल, सारायेवोत 'ह्ल्येब' ऐकू येईल; बेकरीवाल्याला दोन्ही कळतं.